मातीने धुतलेले हात

आमच्या भाषेत एक शब्द आहे, त्याचा मला अजून राग येतो. परसाकडे. परस म्हणजे घरामागची बाग, जिथे मुळे, कोथिंबीर, माठ, वांगी लावायची. आणि परसाकडे जाणं म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्हींना जागा एक आणि शब्दही एक. यात कुणाला काही खटकलं नाही. खटकणार तरी कसं, भाषा अगदी शुद्ध होती.

आमचं घर बोर्ली पंचतनहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे सुपारीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर बैलाचा रहाट. रहाटाचं पाणी पाटातून आधी परसात जायचं आणि मग सुपारीच्या आळ्यांत. परसाच्या टोकाला केळींच्या आड पुरुषमंडळींची जागा आणि तिच्या अलीकडे, दगडी गडग्याला लागून, बायकांची. पावसाळ्यात तिथलं पाणी वाहून कुठे जातं, हे बघायला कुणाला सवड नव्हती. केळी मात्र फार चांगल्या धरायच्या, आणि आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवलं जायचं.

विहिरीच्या कट्ट्यावर ओल्या मातीचा एक गोळा कायम ठेवलेला असे. परसाकडून आलं की तो हाताला चोळायचा, तांब्याभर पाणी ओतायचं, हात शुद्ध. याला हात मातवणं म्हणायचं. ती माती आणायची कुठून, तर परसातूनच, हाताला येईल तिथून. साबण सोवळ्यात चालत नसे, कारण त्यात जनावराची चरबी असते. मी माहेरून येताना आंघोळीच्या साबणाची एक वडी आणली होती. ती काकांनी चुलीच्या चिमट्यात धरली आणि गडग्यापलीकडे फेकली. मेलेला उंदीर फेकावा तशी. मी नवी नवरी होते, गप्प बसले. पुढे फारशी गप्प बसले नाही.

हे काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे मी यायच्या आधीच वारलेले, काकांनी लग्न केलेलं नाही, तेव्हा घराचे कर्ते तेच. युद्धाच्या काळात ते लष्कराच्या कोठारात कारकून होते, तिकडे आसामच्या बाजूला. परत आले, हरिहरेश्वराला जाऊन प्रायश्चित्त घेतलं, डोकं भादरलं, आणि तेव्हापासून त्यांच्याइतकं कडक सोवळं आसपासच्या गावांत कुणी पाळलं नाही. पुरुष बाहेर मुलुखात काय करून येतो आणि त्याची भरपाई घरातल्या बायकांकडून कशी करून घेतो, ते मी त्यांच्या रूपाने रोज बघत होते.

त्यांचा नेम ठरलेला. सकाळी परसाकडे जाऊन यायचं, हात मातवायचे, विहिरीवर आंघोळ करायची, आणि ओल्या पंच्याने तसंच परसात शिरून मुळे उपटायचे, कोथिंबीर खुडायची. ती भाजी पाटाच्या पाण्यात हिसळायची आणि नैवेद्याची कोशिंबीर स्वतः चिरायची. नैवेद्याला बायकांचा हात नको. पंचामृतही त्यांनीच आपल्या बोटांनी कालवलेलं. तेच आमच्या तळहातावर पडायचं आणि आम्ही ते डोळे मिटून चाटायचो. स्वतःचं धोतर, पंचे, अंथरुणाची चादरसुद्धा ते स्वतः धुवायचे, आम्हाला शिवू द्यायचे नाहीत. शेजारचे म्हणायचे, काय हा निष्ठेचा माणूस. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि इतक्या वर्षांनी आता मी ते गोड करून सांगणार नाही.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा घरात धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिराची बायको. माहेर किहीमचं. दीर मुंबईला गोदीच्या कचेरीत कामाला, ते गणपतीला आणि शिमग्याला आगबोटीने यायचे. बाकीचं वर्ष ही आमच्यातच. पारईवर नारळ सोलायला बसली की गड्यांना लाजवायची, आणि हसायची इतक्या मोठ्यांदा की सासूबाई माजघरातून खाकरायच्या. त्या घरात ती आली नसती तर मी एक तर वेडी झाले असते, नाही तर सासूबाईंसारखी झाले असते.

मुळा म्हणजे तिचा जीव की प्राण. परसातून उपटायचा, पदराला पुसायचा आणि उभ्या उभ्या कडाकडा खायचा. जेवताना माझ्या वाटची कोशिंबीरही तीच संपवायची, कारण मला मुळ्याचा वास मुळीच सहन होत नाही. लहानपणापासून त्यावरून मी बोलणी खाल्ली आहेत. त्याच वासाने कदाचित मला वाचवलं, असं पुढे डॉक्टर म्हणाले.

तिच्या लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपारची आम्ही दोघी मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. तिचा उजवा हात उडायला लागला. मला वाटलं चेष्टा करते आहे, मी म्हटलंही, पुरे गं. मग तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि ती परातीवरच आडवी झाली. सगळं अंग ताठ, दातखीळ, तोंडाला फेस, त्यात रक्त, कारण जीभ चावली गेली होती. माझ्या ओरडण्याने सगळे धावले. सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. काका लांब उभे राहून म्हणाले, वहाण आणा. गड्याची शेणाने माखलेली चामड्याची वहाण आणून तिच्या नाकाशी दाबून धरली. ज्या घरात साबण चिमट्याने उचलत होते, त्या घरात त्या दिवशी चामडं चाललं.

ती शुद्धीवर आली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं. माझ्याकडे बघून विचारत राहिली, वाल सांडले का, वाल कुणी सांडले.

मग ते फेफरं येतच राहिलं. कधी महिना जायचा, कधी आठवड्यात दोनदा. आणि घराने निकाल देऊन टाकला की हे तिने माहेरून आणलं. फेफरेवाली मुलगी आपल्या गळ्यात बांधली, फसवून दिली. मी किती वेळा सांगितलं की अहो, इतकी वर्षं ती आपल्यासमोर आहे, फेफरं माहेरचं असतं तर इतकी वर्षं लपलं असतं का? त्यावर काका म्हणाले, "लपवणाऱ्यांना सगळं जमतं." पुढे या वाक्याची मला फार वेळा आठवण झाली.

तिला चुलीजवळ जायला बंदी झाली, विहिरीवर बंदी झाली. ते एक वेळ बरोबर होतं, नाही तर कुठे तरी पडली असती. पण देवघरासमोर उभं राहायला बंदी, लोणच्याच्या बरणीला हात लावायला बंदी, सोवळ्यातल्या माणसावर तिची सावली पडायला बंदी, हे कशासाठी? ताट वेगळं, भांडं वेगळं. गणपतीला दीर आले, तेव्हा तिची गुरुवाडीतल्या भगताकडून झाडणी चालली होती. मी त्यांना एका बाजूला घेऊन म्हटलं, हिला मुंबईला न्या, मोठ्या डॉक्टरला दाखवा. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "काका म्हणतील तसं, वहिनी." आमचे हे त्यांचेच थोरले भाऊ. तेही हेच म्हणायचे, फक्त जमिनीऐवजी आढ्याकडे बघून.

एके दिवशी तिला न्हाऊ घालताना माझ्या हाताला तिच्या दंडात काही तरी लागलं. कातडीखाली एक दाणा, भिजवलेल्या वालाएवढा, बोटाने दाबला की इकडेतिकडे सरकणारा. दुखत नव्हता. मग चाचपून बघितलं तर पाठीवर दोन, मांडीवर एक, छातीवर एक. ती म्हणाली, हे केव्हापासूनचे आहेत कोण जाणे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की भगताच्या लिंबाने हे दाणे जाणारे नाहीत.

डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर कुणी गाडी जोडली नसती. म्हणून मी हरिहरेश्वराचा नवस काढला. देवाच्या नावाने बैलगाडी लगेच मिळाली. वाटेत श्रीवर्धनला सरकारी दवाखाना होता, तिथे आम्ही उतरलो. डॉक्टर चाळिशीचे, तापट, सगळ्या जगावर वैतागलेले. पण त्यांनी तिला नीट तपासलं, माझ्याकडून फेफऱ्याचं वर्णन दोनदा ऐकून घेतलं, आणि दंडातला दाणा बघितल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. भूल देऊन त्यांनी तो दाणा कापून काढला आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवला. फेफरं रोखायच्या गोळ्या दिल्या. देवाचं दर्शन आम्ही खरोखरच घेतलं, तेवढी मी बुडवी नाही.

काही आठवड्यांनी नवस पुरा फिटला नाही म्हणून आम्ही पुन्हा गेलो. मुंबईचं उत्तर आलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात डुक्कर कोण खातं?"

मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, "आम्ही कोण आहोत ते तुम्हाला ठाऊक नाही का? आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चुलीवर चढत नाही."

"बसा," ते म्हणाले. "हिने खाल्लं असं मी म्हणत नाही. नीट ऐका." मग त्यांनी समजावून सांगितलं. डुकराच्या मांसात एका जंताचे दाणे असतात. ते मांस अर्धंकच्चं खाल्लं की खाणाऱ्याच्या आतड्यात लांब पट्टीसारखा जंत वाढतो. तो वर्षानुवर्षं तिथे राहतो, आणि त्या माणसाला फारसा त्रासही होत नाही. पण त्याची अंडी रोज शौचातून बाहेर पडतात. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातातून ती ज्याच्या तोंडात जातील, त्याच्या अंगात हे दाणे होतात. कातडीखाली झाले तर निभावतं. डोक्यात झाले की फेफरं. मांस एकाने खायचं आणि फेफरं दुसऱ्याला, असा तो प्रकार.

"डोक्यातले दाणे काढता येतात का?" मी विचारलं.

"नाही. त्यावर आज औषध नाही. गोळ्यांनी फेफरं आवरतं, तेवढं करा. पण नवे दाणे होऊ नयेत हे तुमच्या हातात आहे. भाजी कुठली खाता?"

"परसातली."

"आणि जाता कुठे?"

"परसाकडे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काय बोललात ते तुमचं तुम्हीच ऐका."

मी ऐकलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर आलं: केळींची आड, पाट, मातीचा गोळा, मुळा, पंचामृत. धाकटी बाकावर बसून आपल्या दंडावरच्या व्रणाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे मी आणलेलं नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही. हे तुम्हाला दिलं गेलंय."

त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. संडासाला विहिरीपासून आणि पाटापासून लांब खोल खड्डा, त्यावर झाकण. हात मातीने नाही, साबणाने. चरबीचा नको असेल तर खोबरेलाचा साबण मिळतो, तुमच्या वाडीतल्याच नारळाचा समजा. कच्ची भाजी बंद, निदान घरातला जंत सापडेपर्यंत. आणि घरातल्या प्रत्येकाने, वाडीत काम करणाऱ्यांनीसुद्धा, शौच तपासायला द्यायचं. ज्याच्या पोटात जंत असेल त्याला औषध दिलं की जंत पडतो. मलमाच्या रिकाम्या डब्या त्यांनी एका पिशवीत घालून दिल्या. हरिहरेश्वराचा प्रसाद म्हणून ती पिशवी घेऊन मी घरी आले.

त्या संध्याकाळी मी ओटीवर सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. डुक्कर हा शब्द त्या ओटीवर बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. आमचे हे आढ्याकडे बघू लागले. काका म्हणाले, "गड्यांचं असेल. ते काय खातात त्याचा नेम आहे?"

गड्यांना मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. आमच्या वाडीत एक म्हातारा गडी, त्याची बायको आणि सून अशी तिघं कामाला होती. म्हातारीने डबी हातात फिरवून बघितली आणि म्हणाली, "यात भरून द्यायचं व्हय? देतो की. आमचं त्यात काय जातंय, न्हाय तं तसंबी वाडीतच जातंय." तिघांनी डब्या दिल्या. मी दिली, धाकटीने दिली, दोन दिवस कुरकुरून आमच्या ह्यांनीही दिली. श्रीवर्धनहून निरोप आला की दुसरे जंत सगळ्यांच्याच पोटात आहेत, त्याचं औषध घ्या, पण तो लांब पट्टीचा जंत यातल्या एकाच्याही पोटात नाही.

उरल्या दोन डब्या. सासूबाई जन्मात मुरुडच्या पलीकडे गेल्या नव्हत्या आणि उपास सोडला तर भातावाचून काही खाल्लं नव्हतं. तेव्हा उरली एकच.

काका सुपारी कातरत बसले होते. मी ती डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "काका, तुमचीच राहिली."

"माझा मळ तपासणार? कोण तो डॉक्टर? कुठल्या जातीचा?"

"ज्याच्या पोटात हा जंत असतो त्याला कळतं, असं ते म्हणाले. पांढऱ्या चपट्या चकत्या पडतात. भोपळ्याच्या बियांसारख्या."

अडकित्ता थांबला. काका माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्या क्षणी कळलं की या माणसाला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून धोतर स्वतः धुवायचं, म्हणून चादर कुणाला शिवू द्यायची नाही. आम्ही त्याला नेम म्हणत होतो.

ते उठले आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धाकटीला किहीमला पोचवायची. तिच्या बापाला निरोप पाठवा, येऊन घेऊन जा म्हणावं. परत आणायची नाही."

मी भांडले. ह्यांच्याशी भांडले, सासूबाईंशी भांडले, विहिरीवर उभी राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं भांडले. त्याने एवढंच झालं की माझ्याशी कुणी बोलेना. धाकटीच्या गोळ्या काकांनी बाटलेलं औषध म्हणून पाटात टाकल्या. माझ्याजवळ थोड्या लपवलेल्या होत्या, त्या मी पुरवून पुरवून देत होते. ती मात्र भांडली नाही. आपली ट्रंक काढून तिने लुगडी घड्या घालून भरली. मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का? म्हणाली, "वहिनी, मला फार राग येतो. पण राग आला की फीट येईल असं वाटतं. म्हणून मी तो बाजूला ठेवलाय."

तिचे वडील आले. साधे, अंगाने बारीक, नारळाचा छोटा व्यापार करणारे. त्यांना ओटीवर बसवलं, पण पाण्याचा तांब्यासुद्धा मी जाऊन दिला तेव्हा मिळाला. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली की लेकीला घेऊन निघायचं असं ठरलं. ट्रंक ओटीवर आणून ठेवली होती.

सकाळी पूजेला बसल्या बसल्या काका ऐकवत होते. देवाला फूल वाहायचं आणि एक वाक्य ओटीकडे फेकायचं. "फसवलंत आम्हाला. मुलीचा रोग झाकून दिलात." मग पुन्हा फूल. तिचे वडील खाली मान घालून ऐकत होते. मी पडवीच्या दारात उभी होते आणि माझ्या हातात विळी नव्हती हे बरं झालं.

तिसरं की चौथं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मला वाटलं शब्द आठवत नसेल. मग पंचामृताची वाटी कलंडली आणि काकांचा हात उडायला लागला. तोच उजवा हात, तसाच. मान वळली आणि ते पाटावरून कलंडून समईच्या अंगावर जाऊ लागले.

कुणीही हललं नाही. काका सोवळ्यात होते. सासूबाई ओरडत होत्या, कांदा आणा, कांदा आणा. वहाण आणा असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. आमचे हे दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबले, कारण त्यांची आंघोळ झालेली नव्हती. मीसुद्धा एक क्षण जागच्या जागी खिळले, पण सोवळ्यामुळे नाही, मला ते बघायचं होतं म्हणून.

धाकटी पडवीतून सरळ आत गेली, ज्या देवघरासमोर तिला उभं राहायला बंदी होती त्या देवघरात. आधी समई उचलून लांब ठेवली. काकांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली पंच्याची घडी सरकवली, तोंडातला फेस पदराने पुसला. मग त्यांचा खांदा धरून तशीच बसून राहिली. आपल्याला असं कुणी धरावं असं तिला इतके दिवस वाटत असणार, म्हणून तिला ते बरोबर येत होतं. कांदा आला, तो तिने बाजूला सारला.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले. आधी काही ओळख नव्हती. मग नजर तिच्या हातावर आली, स्वतःच्या खांद्यावर असलेल्या. जीभ जड झाली होती, तरी पहिला शब्द जो फुटला तो हा, "मला शिवलं कोण?"

"मी," धाकटी म्हणाली. "आंघोळ करा आता. साबणाने करा."

त्या दिवशी डॉक्टरसाठी गाडी लगेच जोडली. नवस वगैरे काही काढावा लागला नाही. डॉक्टर संध्याकाळी आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की हे धाकटीचंच लागलं त्यांना, तिने शिवलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, "फीट कुणाची कुणाला लागत नाही, आणि शिवली ती फीट आल्यावर." मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि काकांशी एकट्याने बोलले. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण काकांनी औषध घ्यायचं कबूल केलं.

पोट रिकामं ठेवून कडू औषध, त्यावर जुलाब. घमेलं मी उचललं, कारण दुसरं कुणी उचलणार नव्हतं. त्यात जे होतं ते मी डोळ्यांनी बघितलं: पांढरी, चपटी, गाठी गाठीची पट्टी, पंच्याच्या काठासारखी, लांबच लांब. आसामपासून ती त्यांच्या पोटात बसून आमच्याबरोबर नैवेद्य खात होती, आणि तिची अंडी त्यांच्याच बोटांवरून आमच्यासारखीच त्यांच्याही तोंडात जात होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी ती उकळत्या पाण्यात टाकली आणि वाडीच्या बाहेर खोल खड्ड्यात पुरली. सासूबाईंनी विचारलं, काय निघालं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जंत काय, सगळ्यांच्याच पोटात असतात." त्यानंतर या विषयावर त्या घरात कुणी एक शब्द काढला नाही. म्हाताऱ्या गड्याकडून मी वाडीच्या पार टोकाला खड्डा खणून घेतला, बोर्लीच्या बाजारातून खोबरेलाच्या साबणाची वडी आणवली आणि विहिरीच्या कट्ट्यावर मातीच्या गोळ्याच्या जागी ठेवली. या वेळी ती कुणी फेकली नाही.

तिचे वडील या सगळ्यात तीन-चार दिवस अडकून पडले होते. घरात आजारी माणूस, निघायचं तरी कसं. काका उठून ओटीवर येऊन बसायला लागले, तेव्हा त्या गृहस्थांनी हात जोडले. ट्रंक अजून तिथेच होती. ते म्हणाले, "मग मी निघतो. मुलीला न्यायचं ना?"

काकांनी अडकित्ता हातात घेतला. आमचे हे आढ्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार तोच सासूबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या, "जे माहेरून आणलं ते माहेरीच गेलेलं बरं."

धाकटी ओटीवर आली. सगळ्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदरही सारखा न करता.

"माहेरून आणलं ते या ट्रंकेत आहे," ती म्हणाली. "हवं तर ते घेऊन जा, बाबा. माझ्या डोक्यात आहे ते या घरचं आहे. ते मी कुठे नेऊ?"

तिच्या वडिलांनी ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली.